लेकरांना चित्रपुस्तक वाचून दाखवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबाजोगाईत आमच्या ओसरीवर दर शनिवारी संध्याकाळी लेकरं जमतात आणि आम्ही चित्रपुस्तकं वाचतो. वाचन संपलं की आया, आज्या, कधी एखादे गुरुजी मागं थांबतात आणि काहीतरी विचारतात. बाहेरगावचे लोक फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. तेच तेच प्रश्न यायला लागले तेव्हा मी ते वहीत उतरवायला सुरुवात केली. हे पान त्या वहीतून तयार झालं. उत्तरं माझी आहेत, म्हणजे पहिली-दुसरीला शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईची. चुका म्हणून जे जे सांगितलंय, त्यातलं बहुतेक मी स्वतः केलेलं आहे.

१. चित्रपुस्तक म्हणजे नेमकं काय? आमच्याकडं 'अ अननसाचा' असलेलं रंगीत पुस्तक आहे, ते चालतंय का?

घरात असू द्या, पण ते अंकलिपीच्या कुळातलं. चित्रपुस्तकात गोष्ट थोडी शब्दांत असते आणि थोडी चित्रात. ओळखायची माझी पद्धत अशी: आधी पानावरचे शब्द हातानं झाका, मग चित्र झाका. दोन्ही वेळा काहीतरी हरवल्यासारखं वाटलं, तर ते चित्रपुस्तक. समजा शब्द सांगतात, 'बंडू शहाण्यासारखा झोपला', आणि चित्रात पांघरुणाखालून मांजराची शेपटी बाहेर आलेली आहे. शेपटी पहिल्यांदा लेकराला दिसते, वाचणाऱ्याला नंतर. सगळी मजा तिथंच आहे.

अशी पुस्तकं बहुधा १६, २४ किंवा ३२ पानांची असतात. मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना छापून घडी घातली की आठ किंवा सोळा पानं होतात, म्हणून हे आकडे. एका बैठकीत संपतील एवढीच ती असतात.

२. लेकरू किती महिन्यांचं झालं की पुस्तक दाखवायचं?

मान धरायला लागलं की खुशाल दाखवा. तान्ह्या बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं बरं दिसतं. मांडीवर घेतल्यावर आईचा चेहरा असतो तेवढंच ते अंतर. जाड पुठ्ठ्याची पानं, मोठी आणि ठळक चित्रं, पानावर एकच वस्तू, एवढं पुरे. ते पुस्तक चाटेल, चावेल, उलटं धरेल. या वयात पुस्तकाचा तोच उपयोग आहे. फाटण्याबद्दल प्रश्न १२ बघा.

३. वाचताना पुस्तक कसं धरायचं? मला वाचायचं असतं, तेव्हा लेकरांना चित्र दिसत नाही.

एकच लेकरू असेल तर प्रश्न येत नाही. मांडीवर घ्या, पुस्तक दोघांच्या समोर धरा आणि पान त्याला उलटू द्या.

चार-सहा जण असतील तर पुस्तक आपल्या कानाशेजारी, लेकरांकडं तोंड करून धरायचं आणि आपण तिरक्या नजरेनं वाचायचं. पहिल्यांदा जमत नाही. म्हणून घरी दोनदा मोठ्यानं वाचून बघा. चित्रपुस्तकात ओळी थोड्याच असतात, तिसऱ्या खेपेला निम्मं पाठ होतं. हात पुस्तकाच्या तळाशी ठेवा. वर किंवा मधे धरलं की नेमकी उंदराची शेपूट अंगठ्याखाली जाते आणि मागून कुणीतरी ओरडतं, "बाई, हात काढा ना!"

उजेडाचंही बघा. गुळगुळीत पानावर बल्ब चमकतो आणि चित्राच्या जागी पांढरा गोळा दिसतो. खिडकी किंवा दिवा लेकरांच्या पाठीमागं असला की पान नीट दिसतं. मी सुरुवातीला नेमकी उलटी, खिडकीकडं पाठ करून बसायचे. लेकरांना बाईची नुसती काळी सावली दिसत होती, हे मला महिनाभर कळलं नाही.

बारा-पंधरापेक्षा जास्त लेकरं असतील तर वेगळा विचार करावा लागतो, तो प्रश्न २० मध्ये.

४. प्रत्येक चित्रावर बोट ठेवून 'हे काय? ते काय?' विचारायला पाहिजे ना? नाहीतर लेकरू शिकणार कसं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा आहे, आणि माझा सगळ्यात मोठा वादही याच्यावरच आहे. मी स्वतः कितीतरी वर्षं हेच केलं. 'हे काय?' 'गाय.' 'गायीला पाय किती?' 'चार.' 'रंग कोणता?' गोष्टीतली गाय हरवली होती आणि तिचा मालक तिला शोधत होता, ते बाजूलाच राहिलं. लेकरांनी चाचणी दिली, मी मार्क दिले आणि पुस्तक मिटलं.

आता मी पान उलटते आणि गप्प बसते. मनातल्या मनात दहापर्यंत मोजते. पहिल्या पाचात काही होत नाही. सहा-सात झाले की एखादं बोट पुढं येतं, आणि ते बोट मी ठरवलेल्या जागी कधीच नसतं. कुणाला झाडाच्या ढोलीत पक्षी दिसतो, कुणाला म्हातारीच्या लुगड्याला ठिगळ दिसतं. मग मी म्हणते, "अगंबाई, मला दिसलंच नव्हतं." बहुतेक वेळा ते खरंच असतं.

विचारायचंच असेल तर ज्याचं उत्तर तुम्हालाही माहीत नाही ते विचारा: "आता ही कुठं निघाली असेल?" उत्तर चुकलं म्हणून दुरुस्त करू नका, पुढचं पान आहेच. आणि गोष्ट संपल्यावर 'यातून काय शिकलो' एवढं कृपा करून विचारू नका. हुरडा खाऊन झाल्यावर आपण कुणाला विचारतो का, यातून काय शिकलास म्हणून?

शाळेत 'निपुण'ची, म्हणजे लेकरांना वाचता-लिहिता येतं का ते बघणारी सरकारी चाचणी असते, तिथं अक्षरं-शब्द लागतात, हे मला मान्य आहे. अक्षरओळखीसाठी बोट कधी फिरवायचं, ते प्रश्न ८ मध्ये आहे.

५. मला वाचता येत नाही. मग मी लेकराला पुस्तक कसं दाखवू?

हा प्रश्न लोक सगळे गेल्यावर, हळू आवाजात विचारतात. म्हणून उत्तर जरा लांबीनं देते.

चित्रपुस्तक हे असं एकच पुस्तक आहे की ते अक्षर न ओळखताही पहिल्या पानापासून शेवटापर्यंत सांगता येतं. आपल्या मुलखाला तर हे नवीन नाही. पैठणच्या नावानं ओळखली जाणारी चित्रकथीची जुनी चित्रं आहेत. रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवलेले असायचे. सांगणारा एकेक चित्र लोकांसमोर धरायचा आणि गोष्ट तोंडानं, गाऊन सांगायचा. त्याच्याही आधीचं बघायचं तर अजिंठा आहे. तिथल्या १७ व्या लेण्यात जातककथा भिंतीभर रंगवल्या आहेत. एकाच भिंतीवर तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा दिसतो, कधी महालात, कधी रथात, कधी रानात. नजर पुढं सरकली की गोष्ट पुढं सरकते.

तर तुम्ही असं करा. लेकरू झोपल्यावर पुस्तक एकटीनं चाळा. कोण आहे, काय झालं, शेवटी काय झालं, एवढं चित्रांवरून लावून घ्या. मग सांगा, आपल्या बोलीत, आपल्या मनानं. पुस्तकात छापलेली गोष्ट वेगळी असली तर असू द्या. आमच्या ओसरीवर एक आजी येतात. एका पुस्तकातल्या कोल्ह्याला त्या कायम 'जावईबापू' म्हणतात. छापील गोष्टीत जावई नाही, सासू नाही, कुणीच नाही. पण लेकरं आता माझ्याकडून तो कोल्हा ऐकायला तयार नाहीत.

पुढं लेकरू शाळेत जाऊन वाचायला लागेल आणि म्हणेल, "आई, इथं तर वेगळंच लिहिलंय." तेव्हा त्याला वाचायला लावा आणि तुम्ही ऐका. दोन गोष्टी झाल्या, नुकसान काही नाही. शब्दच नसलेली चित्रपुस्तकंही मिळतात. सुरुवातीला ती घेतली तर संकोच कमी होतो.

६. आमचं लेकरू रोज एकच पुस्तक मागतंय. दुसरं काढलं की रडतंय. आम्ही कंटाळलो.

तुम्ही कंटाळलात, ते नाही कंटाळलं. पहिल्या वेळी ते 'पुढं काय' ऐकतं. पाचव्या वेळी पुढं काय ते माहीत असतं, आणि आपल्याला माहीत आहे याचीच गंमत वाटते. दहाव्या वेळी ते कोपऱ्यातली चित्रं बघायला मोकळं होतं.

आमच्या ओसरीवर असं एक पुस्तक आहे. एक शेळी दिसेल ते खात सुटते, त्याची गोष्ट. दोरीवरचा टॉवेल, पोस्टमनची पिशवी, लग्नाच्या मांडवाची झालर. याच्या पिना दोनदा बदलल्या, मुखपृष्ठ तिसरं आहे. मी ते किती वेळा वाचलं याचा हिशेब नाही. मागच्या उन्हाळ्यात चार वर्षांची एक मुलगी म्हणाली, "पाल कुठं गेली?" कसली पाल? तिनं दाखवलं. प्रत्येक पानावर भिंतीच्या कडेला बारीक पाल होती आणि शेवटच्या पानावर नव्हती. मी आणि आणखी तीन मोठी माणसं पुन्हा पहिल्यापासून पाल शोधत बसलो.

फारच कंटाळा आला तर मुद्दाम एखादा शब्द चुकवा. शेळीच्या जागी म्हैस म्हणा. लेकरू झटक्यात पकडतं.

७. पुस्तकात 'पेरू' छापलंय, आम्ही 'जांब' म्हणतो. काय वाचावं?

दोन्ही. आधी घरचा शब्द, मग छापलेला: "हा बघ जांब. पुस्तकात याला पेरू म्हणलंय." आलू-बटाटा, टरबूज-कलिंगड, भाकर-भाकरी, सगळ्यांचं असंच. मराठी पुस्तकं बहुतेक पुण्या-मुंबईकडं तयार होतात, त्यामुळं त्यात तिकडचे शब्द येतात. त्यात चूक काही नाही, आणि आपला शब्द चूक असण्याचाही प्रश्न नाही.

लेकरू चित्र बघून "टरबूज" म्हणालं आणि आपण "कलिंगड म्हण" असं सांगितलं, की पुढच्या चित्राला ते आधी आपल्या तोंडाकडं बघतं. बोलायच्या आधी परवानगी मागायला लागतं. हे मी वर्गात इतक्या वेळा पाहिलंय की आता चीड येते.

एक मात्र सांभाळा. लेकरू अक्षरं ओळखायला लागलं आणि ओळीकडं बघायला लागलं, की आधी छापलंय ते वाचायचं आणि मग आपला शब्द सांगायचा. नाहीतर त्याला 'पे' दिसतो आणि 'जां' ऐकू येतो.

८. ओळीखाली बोट फिरवायचं का?

पहिल्या वाचनात नाही, तेव्हा डोळे चित्रावर असू द्या. पुस्तक ओळखीचं झालं की फिरवा, पण शब्दाखालून सावकाश सरकवत, अक्षरागणिक ठोकत नाही. देवनागरीत पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि उच्चारताना नंतर. 'किती' मध्ये लेकराला आधी वेलांटी दिसते, मग 'क'. अक्षर अक्षर ठोकत गेलं की ते तिथं अडखळतं. पूर्ण शब्दाखालून बोट गेलं की अडखळत नाही.

९. आमच्या घरी गोरमाटी (बंजारा) बोलतात. (हाच प्रश्न दखनी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्यांकडूनही आला आहे.) मराठी पुस्तक कोणत्या भाषेत सांगावं?

लेकरू ज्या भाषेत रडतं, त्या भाषेत. तांड्यावरच्या लेकराला पुस्तकातली 'आई' आधी 'याडी' म्हणूनच भेटू द्या. देगलूर-बिलोलीकडं तेलुगू, उदगीर-निलंग्याकडं कन्नड, आणि शहरातल्या कितीतरी मोहल्ल्यांत दखनी ही घरातली भाषा आहे. गोष्ट त्या भाषेत सांगा आणि पुस्तकात पुन्हा पुन्हा येणारी एखादी ओळ तेवढी मराठीत ठेवा. 'शेळीबाई, शेळीबाई, आता काय खाल्लं?' अशी ओळ लेकरं दुसऱ्या वाचनाला आपल्यासोबत म्हणतात. मराठी तिथून आत शिरते, तिला ओढून आणावं लागत नाही.

घरी मराठी बोला म्हणजे शाळेत पुढं जाईल, असं कुणी सांगितलं असेल तर ते मनावर घेऊ नका. घरात ज्याच्याशी भरभरून बोललं जातं, त्याला दुसरी भाषा शिकायला आधार असतो. आपल्या भाषेत पुस्तकच हवं असेल तर प्रश्न १३ आणि १५ बघा.

१०. पुस्तकात समुद्र आहे, बर्फ आहे. आमच्या लेकरांनी यातलं काही बघितलेलं नाही.

नसेना. समुद्राच्या चित्रावर आमच्याकडचा एक मुलगा ठामपणे म्हणाला, "हे धनेगाव." मांजरा धरण म्हणजे त्यानं आयुष्यात बघितलेलं सगळ्यात मोठं पाणी. पैठणकडचं लेकरू जायकवाडी म्हणेल, नांदेडचं विष्णुपुरी म्हणेल. मी सांगितलं, "धनेगावचा पलीकडचा काठ दिसतो, याचा दिसत नाही." तो बराच वेळ चित्रात काठ शोधत राहिला.

बर्फासाठी गारा आहेत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली ती घरातल्या मोठ्यांना चांगली आठवते. त्यांना सांगायला लावा: रान पांढरं झालं, पाखरं मेली, गहू झोपला. मग पुस्तकातलं बर्फात खेळणारं पोर बघून लेकरं विचारतात, "याच्या रानाचं काय झालं?"

पावसाच्या पुस्तकांचं तर विचारूच नका. एका गोष्टीत आई आठ दिवसांच्या झडीला वैतागते. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते दिवस काढलेल्या एक बाई लेकरांमागं बसल्या होत्या. त्या चित्रातल्या आईलाच म्हणाल्या, "एवढा पडायलाय, अन् बोंबलायली कशाला?" मी पुस्तक खाली ठेवून हसत बसले.

११. पुस्तकं कुठं मिळतील? फार महाग असतात का?

पातळ, पिना मारलेली पुस्तकं परवडतात. जाड पुठ्ठ्याची महाग पडतात, ती एखाद-दोनच घ्या. १९५७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय पुस्तक न्यासाची 'नेहरू बाल पुस्तकालय' ही माला मराठीतही आहे आणि किंमत आवाक्यात असते. प्रथम बुक्सची मराठी चित्रपुस्तकंही स्वस्त आहेत.

विकत घेण्याआधी दोन कपाटं उघडायला लावा. एक जिल्हा परिषद शाळेचं, दुसरं गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाचं. १९६७ च्या कायद्यानं मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालयं खेड्यांतही आहेत. बऱ्याच ठिकाणी बालपुस्तकं कुलपात असतात, फाटतील म्हणून. किल्ली मागायला लाजू नका.

निवडताना एकच करा: शब्द न वाचता पुस्तक चाळा. तुमचं बोट एखाद्या पानावर आपोआप थांबलं तर घ्या.

१२. लेकरं पुस्तक फाडतात. कपाटात वर ठेवावं का?

वर ठेवलेलं पुस्तक फाटत नाही, वाचलंही जात नाही. खाली ठेवा आणि जोडायला शिका.

चिकटपट्टी लावू नका, आपल्या उन्हाळ्यात ती दोन वर्षांत पिवळी पडते, गोंद पाघळतो आणि पानं एकमेकांना चिकटतात. गव्हाच्या पिठाची किंवा मैद्याची पातळ खळ करा आणि पतंगाच्या कागदाची पट्टी लावा. जुने लोक खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालायचे. ते विष आहे आणि लेकरांच्या तोंडात पानं जातात, म्हणून अजिबात घालू नका. पिना गंजल्या की काढून टाका आणि मधल्या घडीवर जाड दोऱ्यानं तीन टाके घाला. गोधडी शिवणाऱ्या कुणालाही हे पाच मिनिटांचं काम आहे.

१३. घरी पुस्तक तयार करता येईल का?

येईल, आणि कागदही घरातच आहे. मराठवाड्यात ज्या घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा नाही असं घर मला दाखवा. पत्रिकेची कोरी बाजू, जाड कागद, आयती घडी. चार पत्रिका एकात एक घालून दाभणानं भोकं पाडा आणि शिवा. चित्रं लेकरू काढेल, शब्द ते सांगेल तसे तुम्ही लिहा, तुमच्याच बोलीत. लिहिता येत नसेल तर मोठ्या भावंडाला बसवा.

कापडाचंही होतं. आमच्या अंबाजोगाईच्या संत दासोपंतांनी 'पंचीकरण' हा ग्रंथ कागद सोडून पासोडीवर लिहिलं, तर आपल्याला जुन्या लुगड्याचा तुकडा चालायला काय हरकत आहे? तान्ह्यासाठी कापडी पुस्तक उत्तम, धुताही येतं.

१४. मोबाइलवर गोष्ट लावून दिली तर काय बिघडतं? चित्रं हलतात, आवाजही असतो.

हलणारं चित्र लेकरासाठी थांबत नाही. प्रश्न ४ मधल्या त्या दहा आकड्यांना तिथं जागाच नाही. मोबाइल वाईट म्हणून सांगत नाही. स्थिर पानांची पुस्तकं फोनवरही आहेत. फोन आपल्या हातात, लेकरू मांडीवर आणि पान त्यानं सरकवायचं, असं असेल तर माझी काही तक्रार नाही.

१५. पुस्तकाच्या पानांचे फोटो ग्रुपवर टाकले किंवा वाचतानाचा व्हिडिओ यूट्यूबवर चढवला तर चालेल का?

पुस्तक घेऊन लेकराला वाचून दाखवणं वेगळं, आणि त्याच्या प्रती काढून जगात वाटणं वेगळं. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानं हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, आणि चित्रांचा हक्क चित्रकाराचा असतो. चित्रपुस्तकाची सगळी पानं दिसणारा व्हिडिओ म्हणजे जवळपास अख्खं पुस्तकच. त्यामुळं प्रकाशकाला लिहून विचारा. मुखपृष्ठ दाखवून 'आम्ही हे वाचलं, फार आवडलं' असं सांगणाऱ्यावर कुणी रागावल्याचं मी ऐकलेलं नाही.

सोपी वाट हवी असेल तर प्रथम बुक्सनं २०१५ साली सुरू केलेलं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ आहे. तिथल्या गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत. लेखक, चित्रकार आणि प्रकाशकाचं नाव देऊन त्या छापता येतात, वाटता येतात, आणि आपल्या भाषेत भाषांतरही करता येतं. फक्त नाव द्यायला विसरू नका. आमच्याकडं आलेल्या अशा बऱ्याच पीडीएफमध्ये नेमकं नावांचं पान कापलेलं असतं.

१६. आम्ही दिवाळी झाली की ऊसतोडीला जातो. चार-पाच महिने लेकरं कोपीवर, म्हणजे फडावरच्या झोपडीत. तिथं कसलं पुस्तक अन् कसलं काय?

बीड-केज-धारूरकडून हा प्रश्न दरवर्षी येतो. कोपीत दिवा नाही, पहाटे तोडायला जायचं, रात्री गाडी भरायची. तिथं 'रोज २० मिनिटं वाचा' असं सांगणाऱ्यानं आधी एक दिवस मोळ्या वाहून बघाव्यात.

जे लोकांनी करून बघितलं तेवढंच सांगते. तीन-चार पातळ पुस्तकं पुरतात, कारण प्रश्न ६ प्रमाणं लेकरं तीच तीच मागतात. खताच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून, चुलीपासून लांब, कोपीच्या मेढीला टांगा. खाली ठेवलं की ओल आणि उंदीर. वाचायचं काम मोठ्या बहिणीकडं जातंच. पण तिच्या कडेवर आधीच धाकटं असतं आणि तिची स्वतःची शाळा बुडालेली असते. निदान एक पुस्तक तिच्या इयत्तेचं, फक्त तिच्यासाठी द्या.

लेकरू गावी आजीपाशी ठेवलं असेल तर एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घेता येतात, एक गावी आणि एक फडावर. रविवारी फोन लावला की दोघांनी तेच पान उघडायचं. आमच्या ओसरीवरची एक मुलगी फोन कानाला लावून वडलांना चित्रातलं एकेक सांगायची, "अप्पा, शेळीच्या मागं बघा, डाव्या अंगाला." वडील पलीकडं शोधत असायचे.

१७. पोरगं सात वर्षांचं झालं, स्वतः वाचतंय. आता वाचून दाखवणं बंद करावं का?

नाही. त्याला वाचता येतं त्यापेक्षा कितीतरी अवघड गोष्ट त्याला ऐकून समजते. ते स्वतः मागायचं बंद करेल तेव्हा आपण थांबायचं. एक पान तुम्ही, एक पान त्यानं, असंही चालतं.

१८. आमचं लेकरू दोन पानांच्या पुढं बसतच नाही. (आणि : लेकराला नीट दिसत नाही / ऐकू कमी येतं, त्याला कसं दाखवू?)

न बसणाऱ्याला बसवू नका. ते अंगणात पळत असलं तरी ऐकत असतं. तुम्ही वाचता वाचता थांबून बघा, ते लगेच विचारेल, "मंग?" शेवटच्या पानापासून सुरू केलं तरी चालतं. जेवायच्या वेळेला आणि झोप आलेली असताना प्रयत्न करू नका.

ऐकू कमी येणाऱ्या लेकराला मांडीवर घेऊ नका, समोर बसवा. आपल्या तोंडावर उजेड हवा आणि पुस्तक छातीशी, म्हणजे ओठ झाकले जाणार नाहीत. आधी चित्र दाखवा, मग त्याची नजर आपल्याकडं आली की बोला. दोन्ही एकदम केलं तर त्याला एकच मिळतं.

कमी दिसणाऱ्यासाठी चित्रावर हाताला लागेल असं काही चिकटवा. शेळीला लोकर, रानाला जोंधळ्याचे दाणे, नदीला रेशमी कापडाची पट्टी. लेकरू लहान असेल तर दाणे टाळा, ते नाकात जातात. गंमत म्हणजे चांगलं दिसणारी लेकरंही मग तेच पुस्तक पळवतात.

१९. गोष्टीत कुणी मरतं, तर ते पान गाळावं का?

लांडगा शेळीला खातो, राक्षस मरतो, याला लेकरं फारशी घाबरत नाहीत. घाबरली तर अंगाला चिकटून बसतात आणि पुढं वाचा म्हणतात. तो प्रश्न वेगळा.

आपल्या भागात ज्या घरात बाप गेलेला आहे, आणि कसा गेला ते गावाला माहीत आहे, त्या घरातलं लेकरू समोर बसलेलं असू शकतं. म्हणून मरणाचं पुस्तक मी आधी स्वतः वाचते आणि समोर कोण आहे ते बघते. असं लेकरू असेल तर त्या दिवशी सगळ्यांत ते पुस्तक काढत नाही. त्याच्या आईशी आधी बोलते.

एकदा चुकले. आजोबा वारतात अशी एक गोष्ट होती. मुलगा समोर आहे हे पान उलटताना लक्षात आलं आणि मी घाईनं पुढं गेले. तो म्हणाला, "मागचं पान दाखवा." त्या पानावर नुसती रिकामी बाज होती. त्यानं ती बराच वेळ बघितली आणि म्हणाला, "आमची बाज आत ठेवली." मी म्हणाले, "हो का." मला दुसरं काही सुचलं नाही. नंतर त्यानं स्वतःच पान उलटलं.

लेकरानं विचारलं तर खरं आणि थोडक्यात सांगा. 'झोपलेत', 'गावाला गेलेत' असं सांगू नका, ती वाट बघत बसतात.

२०. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, शाळेत साठ मुलांसमोर एक चित्रपुस्तक वाचायचं आहे. कसं करू?

साठ मुलांना एक चित्रपुस्तक दिसत नाही, हे आधी मुख्याध्यापकांना सांगा. सातवीच्या पोरांना आठवडाभर आधी सहा पुस्तकं द्या आणि तयारी करून घ्या (कशी, ते प्रश्न ३ मध्ये आहे). त्या दिवशी सहा झाडांखाली सहा गट. फोटोत एकच मोठा कार्यक्रम दिसत नाही, म्हणून पाहुणे थोडे नाराज होतात.

२१. शनिवारी तुमच्याकडं यायचं तर लेकराला सोबत काय द्यायचं?

पाण्याची बाटली. वही-पेन नको. घरातलं फाटलेलं पुस्तक असेल तर आणा, खळ तयार असते. उन्हाळ्यात साडेसहाला बसतो, एरवी पाचला. वेळ अमावस्या शनिवारी आली तर ओसरी बंद, त्या दिवशी सगळे रानात भज्जी-आंबील खायला गेलेले असतात. शेळीचं पुस्तकही तिकडंच असतं.